तळं-धबधबा करताय? आधी कडा सांभाळा

झाडाखाली तळं नको, पानं कुजून पाणी काळं पडतं. खोली निदान दोन फूट ठेवा, नाहीतर एप्रिल-मेमध्ये पाणी तापून मासे जातात.

पाणी आटतंय म्हटलं की सगळे तळाला भोक शोधत बसतात. बहुतेकदा गळती धबधब्यापाशी असते. पाणी दगडाच्या ओठाखालून मागे वळतं आणि तळ्यात अंथरलेल्या, पाणी न झिरपणाऱ्या शीटच्या बाहेर गुपचूप मुरतं. म्हणून वरची फरशी थोडी पुढे झुकवून बसवा, शीट दोन्ही बाजूंनी दगडांमागे चांगली वर दुमडा. शंका आली तर पंप रात्रभर बंद ठेवा. पातळी टिकली तर दोष धबधब्यात.

पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो (दुकानदार आपणहून सांगणार नाही). तुमच्या धबधब्याच्या उंचीला पंप किती पाणी देतो, ते पंपाच्या तक्त्यात बघा. वायरिंगला आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, तिथे काटकसर नको.

सिमेंट वापरलं असेल तर दोन-तीनदा पाणी भरून उपसा, मगच मासे सोडा. डासांना गप्पी मासे पुरतात, पण ते ओढ्यात सोडू नका. पाणी हिरवं झालं म्हणून सगळं बदलू नका. कुमुदिनी लावा आणि फिल्टरचा स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळा, नळाखाली नाही.