संग्रहालयाच्या शिक्षण विभागात आहे. परदेशी संग्रहालयांबरोबरच्या डिजिटल प्रकल्पात जावं का, की आधी कोडिंग शिकावं?

प्रकल्पात जा. कोडिंग राहू द्या, निदान सध्या तरी.

तुम्ही लिहिलंय की वरिष्ठांनी दोन वर्षांच्या एका संयुक्त प्रकल्पासाठी तुमचं नाव सुचवलंय, तुम्हाला संगणकातलं फारसं येत नाही आणि तिथे आपलं हसं होईल अशी धास्ती वाटते. मी अशा दोन प्रकल्पांत काम केलंय. पहिल्याला निघताना माझीही अवस्था अगदी हीच होती.

त्या प्रकल्पात तीन देशांतल्या चार संस्था होत्या आणि मुलांसाठी एक अॅप करायचं होतं. प्रत्येकाने आपल्या संग्रहातली एक वस्तू निवडून तिच्यावर दुसऱ्या देशातल्या मुलांसाठी मजकूर लिहायचा होता. मी एक जुनं लोखंडी कुलूप निवडलं आणि लिहिलं, ‘उत्तम कारागिरीचा नमुना’. दालनातल्या फलकावर वर्षानुवर्षं हेच होतं. बैठकीत पलीकडच्या शिक्षिकेने फोटो मोठा करून विचारलं, ‘किल्ली घालायचं भोक कुठे आहे?’ भोक होतं मागच्या बाजूला आणि मागच्या बाजूचा फोटो आमच्याकडे कधी काढलेलाच नव्हता. नोंदवहीत लांबी, रुंदी, वजन, सगळं होतं. मुलांनी सर्वात आधी जे विचारलं असतं, तेवढंच नव्हतं.

मग कुलूप कपाटातून बाहेर काढलं, सहा बाजूंनी फोटो घेतले आणि ‘हे उघडत कसं असेल?’ या एकाच प्रश्नावर तासाभराचं सत्र बसवलं. माझ्या नोकरीतलं सर्वात उपयोगी प्रशिक्षण कुठलं, तर ती पाच मिनिटं. आपल्याच इमारतीतला माणूस हा प्रश्न विचारत नाही, कारण कुलूप त्याच्या रोजच्या पाहण्यातलं असतं. ज्याला फक्त पडद्यावरचं चित्र मिळतं, तो विचारतो. परदेशी भागीदार मला हवा असतो तो यासाठी.

अॅपचं काय झालं? अनुदान संपलं, फोनची प्रणाली बदलली, दुरुस्तीला पैसे नव्हते, दीड वर्षात ते बंद पडलं. फोटो, प्रश्नपत्रिका आणि सत्र मात्र अजून चालू आहेत.

कोणती कौशल्यं लागतात, याचा युरोपात पद्धतशीर विचार झाला आहे. ग्रीस, इटली आणि पोर्तुगाल यांना केंद्रस्थानी ठेवून ‘म्यूसा’ नावाचा प्रकल्प २०१६ साली इरास्मस प्लस या युरोपीय संघाच्या शिक्षण-प्रशिक्षण योजनेच्या निधीतून सुरू झाला. संग्रहालयांना पुढे लागतील अशा चार भूमिका त्यातून ठरल्या: डिजिटल धोरण सांभाळणारा, डिजिटल संग्रहाचा अभिरक्षक, प्रेक्षकांसाठी परस्परसंवादी अनुभव घडवणारा आणि ऑनलाइन समुदायाशी बोलणारा. यातल्या तिसऱ्याला तंत्राची थोडी जास्त जाण लागेल. बाकीच्या तिघांचं काम निवड, नोंद, लेखन आणि संवाद हेच आहे. म्हणजे तुम्ही आज करता तेच, फक्त प्रेक्षक समोर उभा नसताना.

आणि ते अवघड आहे बरं का. समोरच्या मुलाचा चेहरा पाहून आपण वाक्य बदलतो. पडद्यापलीकडच्या मुलाचा चेहरा दिसत नाही. म्हणून प्रश्नांची रचना आधीच पक्की असावी लागते. मी अजून ऍबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांच्या चित्र पाहायला शिकवण्याच्या पद्धतीवर विसंबते. या चित्रात काय चाललंय, कशावरून तसं म्हणतोस, आणखी काय सापडतंय, एवढे तीन प्रश्न. त्यात यंत्र शून्य आहे, पण पडद्यावरही ते तितकेच चालतात. आभासी वास्तवाचा चष्मा डोळ्यांवर चढवून मूल ‘वॉव’ म्हणतं आणि पुढे जातं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्या चष्म्यांचा उल्लेख आला की माझा हात आधी खर्चाच्या तक्त्याकडे जातो. (हा माझा पूर्वग्रह असेल. असू द्या.)

तंत्रातली एकच गोष्ट आवर्जून समजून घ्या: ट्रिपल-आय-एफ (IIIF). हे चित्रांच्या देवाणघेवाणीचं सामायिक आंतरराष्ट्रीय मानक आहे. चित्र ज्या त्या संस्थेच्या सर्व्हरवरच राहतं, पण दोन वेगळ्या देशांतली चित्रं एकाच खिडकीत शेजारी शेजारी उघडतात आणि हवी तेवढी मोठी करता येतात. तुमचं कुलूप आणि त्यांचं कुलूप मुलांसमोर एकत्र ठेवता येतं. अशी मानकं अॅपपेक्षा टिकाऊ ठरतात, कारण ती एका प्रकल्पाच्या अनुदानावर जगत नाहीत.

सरावासाठी प्रकल्प मंजूर व्हायची वाटही पाहू नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७मध्ये आपल्या संग्रहातल्या स्वामित्वहक्कमुक्त कलाकृतींची चित्रं कुणालाही वापरायला खुली केली, अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेने २०२०मध्ये २८ लाख चित्रं आणि त्रिमितीय प्रतिकृती खुल्या केल्या. त्यातून एक वस्तू घ्या आणि कुलपावर केलं तसं सत्र बसवून पाहा.

आता थोडं कडू. ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दात सगळे सारखे असतात, असं समजू नका. २०२०च्या मे महिन्यात युनेस्कोने मांडलेलं चित्र असं होतं: जगातली सुमारे ९० टक्के संग्रहालयं साथीमुळे बंद होती आणि आफ्रिका व छोट्या बेटांच्या विकसनशील देशांत अवघ्या ५ टक्के संग्रहालयांना ऑनलाइन काही देता आलं. हीच दरी प्रकल्पांत शिरते. माझ्या दुसऱ्या प्रकल्पात एक छोटी संस्था फक्त अर्जावर आणखी एका देशाचं नाव दिसावं म्हणून घेतलेली होती; बैठकीची वेळ तिच्या मध्यरात्रीची आणि भाषा तिच्या कर्मचाऱ्यांना जेमतेम येणारी. सहा महिन्यांत त्यांनी बोलणंच सोडलं आणि कुणी विचारलंही नाही.

त्यामुळे करारावर सही होण्याआधी वरिष्ठांना विचारून घ्या: अनुदान संपल्यावर सर्व्हरचं भाडं कोण भरणार? तयार साहित्य कोणत्या परवान्याखाली खुलं होणार? आणि तुमचे या कामाचे तास पगारी कामात धरणार की रोजच्या शाळाभेटींवर ते चढणार? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. उत्तर लेखी मिळेपर्यंत होकार देऊ नका. प्रकल्पात शिकण्याचं खरं काम बैठकींच्या मधल्या दिवसांत होतं आणि ते दिवस मोकळे नसतील तर तुमच्या वाट्याला फक्त अहवाल भरणं उरतं.

हसं होण्याचं म्हणाल, तर २००८च्या नोव्हेंबरमध्ये युरोपियाना हे सगळ्या युरोपच्या सांस्कृतिक वारशाचं संकेतस्थळ सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी गर्दीने कोसळलं. ते आजही चालू आहे.

पहिल्या बैठकीला सादरीकरण वगैरे करू नका. एक वस्तू न्या, तिचे सगळ्या बाजूंनी फोटो न्या, आणि समोरच्यांना सांगा की आधी तुम्ही विचारा.