एका दिवसात पाळणेही, रोडिओही: कॅल्गरी स्टॅम्पीडबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जुलैमध्ये कॅनडात मुलाकडे जाणार आहोत. सोबत सहा आणि नऊ वर्षांची नातवंडं असतील. कॅल्गरी स्टॅम्पीडला, म्हणजे कॅल्गरी शहरातल्या दहा दिवसांच्या जत्रेला, एकच दिवस देता येईल. आधी पाळणे की आधी रोडिओ, म्हणजे काउबॉयचे घोड्या-बैलांवरचे खेळ?

उत्तर: आधी पाळणे. रोडिओ दुपारी दीडच्या सुमारास सुरू होतो आणि दोन-अडीच तास चालतो. सकाळी मैदान उघडल्या उघडल्या रांगा सर्वांत छोट्या असतात, मुलं ताजी असतात आणि पोटात जड काही नसतं. बाराला पाळणे थांबवा, जेवा आणि एकपर्यंत आपल्या जागेवर जाऊन बसा. उलटा क्रम लावलात तर रोडिओ संपल्यावर सगळं स्टेडियम एकदम पाळण्यांकडे वळतं आणि एकेका राइडसाठी ताटकळावं लागतं.

रोडिओच्या तिकिटात त्या दिवसाचा मैदानातला प्रवेश धरलेला असतो, त्यामुळे वेगळं प्रवेश तिकीट काढू नका. राइड्सचे पैसे मात्र निराळे. गाडी नेऊ नका. सी-ट्रेन या शहरातल्या रेल्वेच्या लाल मार्गावर मैदानालगत दोन स्थानकं आहेत: उत्तरेकडून येत असाल तर व्हिक्टोरिया पार्क/स्टॅम्पीड, दक्षिणेकडून येत असाल तर अर्लटन/स्टॅम्पीड.

संध्याकाळी चकवॅगनच्या, म्हणजे घोडे जुंपलेल्या गाड्यांच्या शर्यती, रंगमंचावरचा कार्यक्रम आणि शेवटी आतषबाजी असते. जुलैच्या सुरुवातीला तिथे सूर्य मावळतो तोच पावणेदहाच्या आसपास. आतषबाजी त्यानंतर, पुरेसा अंधार पडल्यावर. सकाळपासून उन्हात फिरलेलं सहा वर्षांचं मूल तोवर तग धरत नाही. एकच दिवस असेल तर संध्याकाळ सोडून द्या. त्याऐवजी रोडिओनंतर एल्बो रिव्हर कॅम्पमधल्या टीपी, म्हणजे शंकूच्या आकाराचे तंबू, पाहा. ब्रिटिश राजसत्तेशी १८७७ मध्ये झालेल्या सातव्या तहातल्या सिक्सिका, काइनाई, पिकानी, त्सुत'इना आणि स्टोनी नाकोडा या पाच मूलनिवासी समाजांची कुटुंबं तिथे उत्सवाचे दहाही दिवस मुक्काम करतात. गर्दीतून बाहेर पडून शांतपणे बसायला याहून चांगली जागा त्या मैदानात नाही.

प्रश्न: मुलांसाठी दिवसभराचा राइड पास घ्यावा का?

उत्तर: आधी घरी भिंतीला उभं करून उंची मोजा. राइडला वयाची नाही, उंचीची अट असते. फिरत्या जत्रांच्या राइड्सना साधारण ९१, १०७ आणि १२२ सेंटिमीटर असे टप्पे आढळतात. सहा वर्षांचं मूल सरासरी ११६ सेंटिमीटर असतं, म्हणजे मधल्या टप्प्यात बसतं आणि मोठ्या राइडवरून परत पाठवलं जातं. त्याच्यासाठी पास बहुधा वसूल होत नाही, सुटी कूपनं घ्या. नऊ वर्षांच्या मुलाला पास परवडू शकतो.

उंचीच्या नियमावर वाद घालू नका. मांडीवरचा दांडा कंबरेच्या हाडांना अडतो म्हणून माणूस जागेवर राहतो. बुटक्या मुलाचं शरीर त्या दांड्याखालून पुढे घसरू शकतं. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: दोघांना मिळून एकच दांडा असेल तर तो मोठ्या माणसाच्या मांडीवर अडतो आणि शेजारच्या मुलाच्या पोटापुढे वीतभर फट राहते. अशा राइडवर दोन्ही मुलांना एकत्र बसवणं बरं, नियमात बसत असेल तर. गोल फिरणाऱ्या राइडमध्ये जड माणसाने बाहेरच्या कडेला बसायचं, कारण वेग आला की आतला माणूस बाहेरच्यावर रेलतो. आजोबा आत आणि नातू बाहेर बसले तर नातू चेंगरतो.

प्रश्न: गोल फिरणाऱ्या पाळण्यात मला हमखास मळमळतं. नातवंडांसोबत बसायचं तर आहे.

उत्तर: डोकं मागे टेकवा आणि राइड थांबेपर्यंत मान अजिबात वळवू नका. मळमळ निव्वळ फिरण्याने जेवढी होते त्याहून अधिक, फिरत असताना डोकं हलवल्याने होते. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना तेव्हा एकाच वेळी दोन दिशांची हालचाल जाणवते आणि मेंदू गोंधळतो. खाली उभ्या माणसाला हात करायला वळलात की संपलं. अगदी रिकाम्या पोटीही बसू नका. तासभर आधी पाव किंवा केळं खाल्लेलं चांगलं. तळलेलं आणि गोड सगळं रोडिओच्या वेळेसाठी राखून ठेवा.

प्रश्न: रोडिओत नक्की काय बघायचं असतं? व्हिडिओ पाहिले, पण माणूस पडला तरी टाळ्या आणि नाही पडला तरी टाळ्या!

उत्तर: खेळ दोन तऱ्हेचे असतात. पहिल्या तऱ्हेत गुण मिळतात: बिनखोगिराचा घोडा, खोगिराचा घोडा आणि बैल. स्वाराने आठ सेकंद, एकाच हाताने धरून टिकायचं. मोकळा हात जनावराला किंवा स्वतःला लागला तर स्वार बाद. गुण शंभरपैकी, आणि त्यातले निम्मे जनावराचे असतात. म्हणून घोडा मरगळला तर आठ सेकंद पुरे करूनही गुण कमी पडतात, आणि पंच स्वाराला दुसरं जनावर देऊ करतात. टाळ्यांचं कोडं इथेच सुटतं: बैलाने स्वाराला उडवलं तर लोक बैलाला दाद देत असतात.

घोड्याच्या दोन्ही प्रकारांत मुलांना एक गोष्ट टिपायला सांगा. घोडा फाटकातून बाहेर झेपावून पुढचे पाय पहिल्यांदा जमिनीला टेकवतो, त्या क्षणी स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वर असाव्या लागतात. नसतील तर पुढची सारी स्वारी फुकट. आधी टाचा, मग घड्याळ, या क्रमाने पाहिलंत की तिसऱ्या-चौथ्या स्वारापासून निकाल आपला आपल्याला कळू लागतो.

दुसरी तऱ्हा घड्याळाची. पिंपांच्या शर्यतीत तीन पिंपांभोवती तिपानी वळसे घालून परतायचं. पिंप पडलं तर पाच सेकंदांचा दंड, आणि तिथे निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. लहान मुलांना सर्वांत आधी हाच खेळ कळतो.

प्रश्न: जनावरांना त्रास होत नाही का? नातीला प्राण्यांचा फार लळा आहे.

उत्तर: होतो, आणि तो लपवू नये. घोड्याच्या कंबरेला बांधलेल्या पट्ट्याबद्दल गैरसमज आहे. मऊ अस्तराचा तो पट्टा पोटाच्या मागच्या भागाला असतो, जननेंद्रियाला नव्हे. तो झटकायला घोडा लाथा उडवतो आणि स्वारी संपताच मदतनीस घोडेस्वार तो सोडवतो. वासराला दोर टाकून पाडण्याचा प्रकार मात्र पाहवत नाही: पळतं वासरू गळ्याला हिसका बसून थांबतं. कॅनडातल्याच क्लोव्हरडेल रोडिओने २००७ मध्ये तो बंद केला. चकवॅगनच्या शर्यतीत तर २०१९ साली सहा घोडे दगावले. पुढे एका फेरीत चारऐवजी तीनच गाड्या धावू लागल्या. ब्रिटनने १९३४ सालीच कायदा करून असे खेळ जवळपास अशक्य केले.

नातीला आदल्या दिवशी हे सगळं सांगा आणि ठरवू द्या. ती हो म्हणाली तर कडेची तिकिटं काढा. वासराचा खेळ पुकारला की तिला घेऊन पाणी प्यायला उठता येतं.

प्रश्न: कपडे?

उत्तर: जाड तळव्याचे, पुढून बंद बूट, कारण चप्पल राइडवर निसटते. कॅल्गरी हजार मीटरहून उंचावर आहे, ऊन चटकन भाजतं. रात्री पारा दहा अंशांवर येऊ शकतो, तेव्हा प्रत्येकाचा स्वेटर हवाच. दुपारनंतर गारांसह वादळं येतात. वीज चमकली की पाळणे थांबतात, रोडिओ मात्र पावसात, चिखलातही चालू राहतो. छत्री मागच्यांची नजर अडवते, म्हणून टोपीचा रेनकोट न्या.