खेळाचा अभ्यास मानवशास्त्रात कधी आला, आणि इतक्या उशिरा का?

वर्षच हवं असेल तर १९८५ धरा. केंडल ब्लँचर्ड आणि ॲलिस चेस्का यांचं क्रीडा-मानवशास्त्राचं पाठ्यपुस्तक तेव्हा आलं. मला मात्र तुमच्या प्रश्नातलं 'उशिरा का' जास्त आवडलं.

खेळांकडे कुणाचं लक्षच नव्हतं असं नाही. मेक्सिकोचा पातोली हा पटावरचा खेळ आणि भारतातली पचिसी सारखी कशी, यावर मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर १८७९च्या सुमारास डोकं खाजवत होता. स्ट्युअर्ट क्युलिनने १९०७मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या खेळांचा जाडजूड ग्रंथ काढला. पण त्यांना खेळ हवा होता तो पुरावा म्हणून. कुठली गोष्ट कुठून कुठे गेली, एवढंच. खेळणारा माणूस बाजूलाच राहिला.

मधे एक लाजिरवाणं प्रकरणही घडलं. १९०४मध्ये सेंट लुईसला ऑलिंपिक आणि जागतिक प्रदर्शन एकत्र भरलं. प्रदर्शनात मांडून ठेवलेल्या आदिवासींना सराव न देताच भालाफेक-गोळाफेकीत उतरवलं आणि कामगिरी सुमार म्हणून वंशच हलका ठरवला. नाव काय, तर 'मानवशास्त्र दिन'!

पुढेही नातेसंबंध, धर्म हे गंभीर विषय आणि खेळ म्हणजे करमणूक, हा समज टिकला. क्लिफर्ड गीर्ट्झने १९७२मध्ये बालीतल्या कोंबड्यांच्या झुंजीत गावाची मानापमानाची गणितं दाखवली, तेव्हा हा समज सैल झाला. (झुंज हा खेळ आहे का, हा वाद वेगळा.)

माझ्या मते खरा फरक पडला तो अभ्यासक स्वतः मैदानात उतरल्यावर. मानवशास्त्रज्ञ जॉर्ज ग्मेल्च बेसबॉल खेळलेला. त्याच्या आधीच्या पिढीतल्या मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीने प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवर पाहिलं होतं, की शांत खाडीत मासेमारीला मंत्रतंत्र लागत नाहीत, खुल्या समुद्रात लागतात. ग्मेल्चला तेच मैदानात दिसलं: फलंदाज आणि चेंडू फेकणारे यांचे नशिबासाठीचे तोडगे भरपूर, क्षेत्ररक्षणात चूक क्वचितच होते म्हणून तिथे जवळपास नाहीत. सुझन ब्राउनेल १९८६मध्ये बीजिंग विद्यापीठाकडून हेप्टॅथलॉन (सात मैदानी प्रकारांची एकत्र स्पर्धा) खेळली, मग चिनी खेळाडूंच्या शरीरशिस्तीवर लिहिलं. जोसेफ आल्टरने बनारसच्या आखाड्यांतल्या मल्लांवर (१९९२). लोइक वाकाँ शिकागोत मुष्टियुद्ध शिकला. तो कागदोपत्री समाजशास्त्रज्ञ, पण इथे त्याला वगळून चालत नाही.

वाचायला सुरुवात ग्मेल्चच्या बेसबॉलमधल्या या तोडग्यांवरच्या १९७१च्या लेखापासून करा. बेसबॉल कळत नसला तरी अडणार नाही, मलाही कळत नाही.