रिटायर झाल्यापासून वडील गप्प झालेत, कुणात मिसळत नाहीत. काय करावं?

"वय झालं, आता असंच चालायचं" म्हणणाऱ्याचं आधी ऐकणं सोडा. आमच्याकडे ते म्हणणारा माझा मोठा भाऊ होता, पुण्याहून, फोनवर.

आम्ही नागपूरच्या महाल भागातले. बाबा रोज संध्याकाळी गांधीसागर तलावाच्या काठावर त्यांच्या मंडळींत बसायचे. हळूहळू जाणं बंद झालं. घरात विचारावं एक, उत्तर भलतंच. दादाने निदान करून टाकलं: डोकं चाललं, इकडे पाठवून दे. मला खटकलं ते वेगळंच. एकदा त्यांना घ्यायला गेले, तर कुणीतरी विनोद केला आणि बाबा आधी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून मग हसले. उशिराच.

कान तपासले. वयाबरोबर बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात; स, श, फ नीट पोचत नाहीत. आवाज येतो, शब्द कळत नाही. त्यात मे महिन्यात आमचा कूलर धडधडत असतो, त्याच्यापुढे चांगल्या कानाचाही निभाव लागत नाही. मी मोठ्याने बोलले की, "काऊन ओरडून राहिली? बहिरा नाही झालो मी." चारचौघांत दहादा 'काय?' विचारायची लाज वाटते, मग माणूस बसणंच सोडतो. चष्म्याची लाज नाही, कानातल्या मशीनची मात्र आहे. मूर्खपणा आहे हा!

मशीन लावल्यावर पहिलं वाक्य: "हा कूलर एवढा आवाज करते?" पुढचे दोन महिने ते कानात कमी, कपाटात जास्त. आता गांधीसागरला जाताना आठवणीने लावतात.

दादा अजून म्हणतो, कानाचा आणि डोक्याचा काय संबंध. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणाऱ्या, पण आवरता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. कमी ऐकू येणं त्यात आहे, एकटं पडणंही आहे. आणि हा बाबांना गल्लीतून उचलून पुण्यात नवव्या मजल्यावर ठेवणार होता, जिथे लिफ्टमध्ये कुणी ओळख देत नाही.

तुमच्याकडे कानच कारण असेल असं नाही हं. दोन आठवड्यांच्या वर उदास असतील, झोप-भूक उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. थायरॉइड, बी-१२ पण बघून घ्या. रिटायरमेंटचं म्हणाल तर बाबांचं किराणा दुकान, ते रिटायर कधी झालेच नाहीत. तेवढं कुणी नोकरीवाल्याने लिहावं.