किडनी गेलेल्या मांजरीला इंजेक्शन देऊन कायमचं शांत करावं का?

१४ वर्षांच्या मनीची किडनी गेलीय, सलाईन चालू आहे आणि डॉक्टर आता इंजेक्शनचं सुचवतायत, असं तुम्ही लिहिलंय. घुरघुरते म्हणजे बरी आहे असं धरू नका. मांजर वेदनेतही घुरघुरतं. ती अंग चाटते का, ते बघा. आमच्या बोक्याने चाटणं सोडलं, पाठीवर केसांच्या गाठी झाल्या, वाटीपाशी तोंड नेऊन नुसता बसून राहायचा. कॅलेंडरवर रोज चांगला की वाईट दिवस ते मांडा. वाईट जास्त व्हायला लागले की थांबू नका. मी आठवडाभर थांबलो, त्याचं अजून वाईट वाटतं. आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायला सांगा, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात. काही मिनिटांत होतं. डोळे उघडेच राहतात, घाबरू नका. जमलं तर डॉक्टरांना घरी बोलवा आणि तिला मांडीवर घेऊन बसा.