शेजारच्या बंबांशी वायरलेसवर बोलायचं तर

भाऊ, चोपड्याच्या जिनिंगला आग लागली की अमळनेर, धरणगावचे बंब येणारच. त्यांच्याशी बोलणं जमवायला महागडा सेट लागत नाही. कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत एवढं करा.

आधी परवान्यात बसणारा एक सामायिक चॅनल ठरवा आणि सगळ्यांच्या सेटमध्ये तो एकाच नंबरवर टाका. नवखे इथेच फसतात: फ्रिक्वेन्सी जुळवतात, टोन विसरतात. टोन म्हणजे आवाजासोबत जाणारा बारीक खुणेचा सूर; ऐकणाऱ्या सेटला टोन लावला असेल, तर तो जुळल्याशिवाय सेट आवाज ऐकवत नाही. एकाच्या सेटला ६७.० हर्ट्झ, दुसऱ्याच्याला ८८.५. दोघंही बोलतात, दोघांनाही काही ऐकू येत नाही, आणि मग बॅटरीवर खापर! एकाच सेटला रिसीव्ह टोन लावलेला असेल तर एकतर्फी ऐकू येतं. हे तर लवकर लक्षातही येत नाही.

घटनास्थळी थेट सेट-टू-सेट बोला. रिपीटर, म्हणजे आवाज पकडून लांबवर पुन्हा पाठवणारं यंत्र, लांबच्या निरोपांसाठी मोकळा ठेवा.

बोलताना:
- बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि ‘पाणी बंद करू नका’मधलं ‘पाणी’च जातं.
- आधी समोरच्याचं नाव, मग आपलं: “अमळनेर दोन, चोपडा एक. मागच्या गेटनं या.” ऐकणाऱ्यानं तेच परत म्हणायचं. नुसतं ‘हो हो’ चालणार नाही.
- कोडवर्ड नकोत. प्रत्येक गावाचे वेगळे असतात.

बाहेरून आलेल्या बंबानं पोचल्यावर घटनाप्रमुखालाच कळवायचं, परस्पर पाइप अंथरायला लागायचं नाही.

आठवड्यातून एकदा सगळ्या गावांची चाचणी घ्या. डिजिटल सेटचं नंतर बघू.