बस्त्याआधी सांग

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पुण्यातली नोकरी सुटून चार महिने झाले, लग्न तोंडावर आले, सासरी अजून कुणाला पत्ता नाही, आणि तू मला विचारतेस की मांजरीचे तयार खाद्य बंद करून दूध-पोळी घातली तर शालूला थोडे पैसे उरतील का. मांजर मुळात मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य तिच्या अंगात पुरेसे तयार होत नाही, ते मांसमासळीतून किंवा तयार खाद्यातून मिळावे लागते, आणि कमी पडले तर डोळे व हृदय बिघडते. दूध तर पुष्कळ मोठ्या मांजरांना पचतही नाही. हवे तर स्वस्तातले खाद्य घे, जुन्यात थोडे थोडे मिसळत आठवडाभरात बदल, आणि कांदा-लसणाचे कालवण तिच्यापुढे ठेवू नकोस. तिच्या वाटीतून शालू निघणार नाही.

तुझा खरा प्रश्न तू विचारलेलाच नाहीस. बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसे गादीवर बसतील, दुकानदार घडीवर घडी उलगडेल, आत्या पदर हातावर घेऊन जर पाहतील, आणि कुणीतरी म्हणेल, “पोरगी कमावती आहे, घेऊ दे की.” तेव्हा काय करशील? गप्प बसलीस तर त्या गप्प बसण्याचे हप्ते तुलाच फेडावे लागतील. म्हणून बस्त्याआधी सांग.

2005 च्या महापुरात सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत, पाणी शिरले, आणि ज्या अडत्याकडे मी 22 वर्षे दिवाणजी होतो, त्यांनी दिवाळीच्या आधी मला एका वाक्यात मोकळे केले. मी घरी सांगितले नाही. पाच महिने रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि आयर्विन पुलापासून जवळच कृष्णेच्या घाटावर बसून तो खायचो. गार झालेली मेथी झाकणाला चिकटलेली असे, ती बोटाने खरवडून काढायची आणि डबा नदीत विसळायचा. त्याच काळात थोरलीचा बस्ता झाला. ‘दिवाणजींची लेक’ म्हणून सगळ्यांनी भारी शालू पुढे ओढला, आणि मी व्याजाने पैसे काढून तो घेतला. सावकाराचा माणूस दारात आला तेव्हा तुझ्या काकूंना सगळे कळले. त्या पैशांबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत, एवढेच विचारले, “मग मी डबा कुणासाठी भरत होते?” त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

धाकटीच्या वेळी दुकानात बसण्यापूर्वीच मी व्याह्यांना माझा आकडा सांगितला. नातेवाइकांनी मला चिक्कू ठरवले, दोन घरांनी येणे-जाणे कमी केले. तरीही मी बरोबरच वागलो. कर्ज न काढता लेक सासरी गेली आणि व्याही आजही माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात. तू म्हणशील, काकांचा काळ वेगळा होता. काळ वेगळा असेल, बस्ता तोच आहे.

पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा निघून जाऊ देतात, दोरीला बांधून दिवा सोडतात, तो विझला तर थांबतात. तसेच कर: आधी त्या मुलाला एकट्याला सांग, त्याचे ऐकून घे, मग दोघे मिळून त्याच्या आईवडिलांपुढे बसा. ‘सध्या ब्रेक घेतला आहे’ असली पळवाट नको. ‘नोकरी गेली, शोधते आहे, बस्त्याला माझ्याकडे इतके पैसे आहेत’ असे आकड्यासकट सांग.

त्यानंतरही पैठणीच घ्यायची ठरली तर पदर उलटा करून पाहा. हातमागावरचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, यंत्रमागावरच्या पदरामागे बहुधा सुटे धागे असतात. यंत्रमागावरची घेण्यातही कमीपणा नाही, फक्त ती तिच्या भावाने घे.

दिवस ठरला की कळव, मी सांगलीच्या गणपती पेठेत येईन. मात्र त्यांच्या घरी जाऊन आलीस का, हे मी दुकानाची पायरी चढण्याआधी विचारणार आहे.

तुझा,
काका